केंद्रक गोल असतं का? खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या शाळा-कॉलेजांत मी अणुकेंद्रकांच्या आकाराविषयी बोलायला जातो. रावेर, यावल, चोपड्याकडे कार्यक्रम असला की विद्यार्थ्यांबरोबर त्यांचे वडील, आजोबाही मागच्या बाकांवर येऊन बसतात आणि सगळ्यांत नेमके प्रश्न बहुतेक वेळा तिकडूनच येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह लिहून ठेवतो आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

केंद्रक म्हणजे लाल-निळ्या गोळ्यांचा लाडूच ना? त्याला वेगळा आकार कुठून आला?

पुस्तकातलं चित्र सोयीसाठी काढलेलं असतं. रुदरफोर्ड यांनी १९११ मध्ये केंद्रक आहे हे दाखवलं, तेव्हा ते एक इवलासा ठिपका होतं. १९३५ च्या सुमारास युरोपियमच्या प्रकाशरेषा बारकाईने तपासताना त्या ठिपक्याचा विद्युतभार गोलावर असावा तसा पसरलेला नाही, हे लक्षात आलं. आज आपल्याला माहीत आहे की पूर्ण गोल केंद्रकं मोजकीच आहेत. बरीचशी लांबट असतात, काही चपटी असतात, आणि थोडी अशी की एक टोक निमुळतं व दुसरं भरलेलं.

या शेवटच्या आकाराला पुस्तकं नाशपाती म्हणतात. आपल्याकडे नाशपाती पिकत नाही, म्हणून मी भरिताचं वांगं घेऊन जातो. देठाकडे अरुंद, खाली फुगलेलं, हिरवं पांढुरकं. वर्गात ते हातात धरलं की पुढचं अर्धं काम होतं.

मापाचं सांगायचं तर शिशाच्या केंद्रकाची त्रिज्या साधारण ७ फेम्टोमीटर. एका मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोमीटर. लांबट केंद्रकांत लांबीचा अक्ष रुंदीच्या अक्षापेक्षा बहुधा पाव ते एक तृतीयांशाने जास्त असतो. डिस्प्रोझियम-१५२ (नावापुढचा आकडा म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती ते) हे केंद्रक अतिशय वेगाने फिरताना लांबी रुंदीच्या दुप्पट होते, हे १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या डेर्सबरीच्या प्रयोगशाळेत दिसलं.

गोल राहण्यात काय अडचण असते?

घरातली सुंभाने विणलेली बाज आठवा. चारही बाजूंनी माणसं बसली तर बाज सारखी ताणलेली राहते. एकटाच माणूस कडेला बसला की तिकडे झोळ पडतो, आणि मग दुसरा कोणी बसायला आला तर तोही घसरत त्याच झोळात जातो.

केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ठरावीक कवचांत बसतात. २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि १२६ या संख्यांना कवच पुरं भरतं. त्यांना मॅजिक नंबर म्हणतात. मारिया गोपर्ट मेयर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये याचं कारण सांगितलं आणि १९६३ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. कवच भरलेलं असलं की केंद्रक गोल. वर चार-सहा कण जास्त झाले की ते झोळ पाडतात, आणि त्या झोळाने बाकीच्यांचे मार्गही बदलतात. हा विचार रेनवॉटर यांनी १९५० मध्ये मांडला. ओगे बोर आणि बेन मॉटेलसन यांनी त्याचा पूर्ण सिद्धांत उभा केला. तिघांना १९७५ चं नोबेल मिळालं.

"भाऊ, तुमले ते दिखस का?"

हा प्रश्न एका आजोबांनी अहिराणीत विचारला आणि माझ्या मते या साऱ्या विषयातला हाच खरा प्रश्न आहे. नाही आजोबा, दिसत नाही. आकार आम्ही ऐकतो असं म्हणा.

एक गुळगुळीत काचेची गोटी जागच्या जागी फिरवा. ती फिरते आहे की थांबली आहे, लांबून कळणार नाही. आता वांगं आडवं ठेवून फिरवा. देठ गरगर फिरताना दिसतो. केंद्रकांच्या दुनियेत हा नियम फार कडक आहे. जे फिरलं तरी वेगळं दिसणार नाही, त्याला फिरण्याची मुभाच नसते. म्हणून गोल केंद्रक फिरत नाही, त्याला ऊर्जा दिली तर ते थरथरतं किंवा त्यातला एखादा कण वरच्या जागी जातो. लांबट केंद्रक मात्र सहज फिरतं. फिरण्याच्या ठरावीक पायऱ्या असतात, आणि एक पायरी खाली उतरताना ते बहुधा एक गॅमा किरण, म्हणजे क्ष-किरणांच्या जातीचा किरण, सोडतं. त्या किरणाची ऊर्जा मोजली की पायरीची उंची कळते.

एर्बियम-१६६ घ्या. पहिली पायरी ८१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर (हे ऊर्जेचं माप, पुढे केईव्ही म्हणतो), दुसरी २६५ वर, तिसरी ५४५ वर. एक, तीन पूर्णांक एक तृतीयांश, सात हे फिरणाऱ्या कडक वस्तूचं गणिती प्रमाण आहे, आणि एर्बियम त्याच्या अगदी जवळ बसतं. म्हणजे ते लांबट आहे, ठाम लांबट. आता आर्गॉन-४० पाहा. पहिली पायरी १४६१ वर, दुसरी २८९३ वर. प्रमाण जेमतेम दोन. ही थरथरीची खूण, फिरण्याची नव्हे.

त्यातला हा १४६१ चा आकडा लक्षात ठेवा. तो तुमच्या शेतातून येतो.

पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू पोटॅशियम-४० असतो. तो किरणोत्सारी आहे आणि त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू मोडायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं. अशा शंभर अणूंपैकी सुमारे ८९ कॅल्शियम-४० होतात, आणि कॅल्शियम-४० मध्ये २० प्रोटॉन, २० न्यूट्रॉन, दोन्ही मॅजिक, म्हणून गोल. उरलेल्या ११ पैकी जवळपास सगळे आर्गॉन-४० होतात, पण सरळ तळाशी न जाता पहिल्या पायरीवर येऊन उतरतात आणि तिथून खाली येताना १४६१ केईव्हीचा गॅमा सोडतात. आपण श्वासातून घेतो त्या हवेत सुमारे एक टक्का आर्गॉन आहे. तो जवळजवळ सगळा असाच खडकांतल्या पोटॅशियमपासून कोट्यवधी वर्षांत जमला.

केळीच्या बागेला टाकायचं पोटॅश मी डब्यात भरून डिटेक्टरजवळ ठेवतो. पडद्यावर आधी नुसते विखुरलेले ठिपके पडतात. पाच मिनिटं काहीच वाटत नाही. मग उजवीकडे एक जागा हळूहळू वर येऊ लागते, वीस मिनिटांत तिथे स्पष्ट टेकडी उभी राहते, आणि मुलं कर्सर नेऊन आकडा वाचतात. तो आकडा म्हणजे एका केंद्रकाच्या थरथरीची पायरी. जिनिव्हाला असो वा टोकियोजवळ, आकाराचा अभ्यास करणारी माणसं शेवटी अशीच टेकडी वाचत असतात.

म्हणजे आमची केळी किरणोत्सारी? खायची की नाही?

खा, निर्धास्त खा. एका केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि त्यातून सेकंदाला साधारण डझनभर केंद्रकं बदलतात. तुमच्या शरीरात आधीच सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम आहे, तिथे सेकंदाला चार हजारांहून जास्त. शरीर जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकतं, त्यामुळे केळं खाल्ल्याने हा आकडा वाढून राहत नाही. बटाटा, डाळी, दूध, सगळ्यांत हेच आहे. कोणी अर्धवट ऐकून जळगावच्या केळ्यांबद्दल भलतंसलतं पसरवायला लागलं तर त्याला हे आकडे जरूर दाखवा. केळीच्या बाजारभावाला आधीच हजार धोके असतात, त्यात हा खोटा धोका नको.

एक्झॉटिक केंद्रकं कोणती?

जी निसर्गात सहजी सापडत नाहीत, ज्यांत न्यूट्रॉन किंवा प्रोटॉन प्रमाणाबाहेर जास्त आहेत आणि जी लवकर मोडतात. टिकाऊ केंद्रकं अडीचशेच्या आसपास आहेत. आतापर्यंत माहीत झालेली तीन हजारांच्या वर आहेत. गणित सांगतं की एकूण सात हजारांच्या आसपास असू शकतात. म्हणजे निम्म्याहून जास्त अजून कोणी पाहिलेलीही नाहीत.

ती बनवतात कशी?

दोन वाटा आहेत. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत आयसोल्ड नावाची सोय आहे. तिथे वेगवान प्रोटॉन युरेनियम कार्बाइडच्या जाड, तापून लाल झालेल्या लक्ष्यावर मारतात. युरेनियमच्या ठिकऱ्या उडतात, हवी ती मूलद्रव्यं उष्णतेने बाहेर झिरपतात, त्यांना विद्युतभार देऊन चुंबकाने वस्तुमानाप्रमाणे निवडतात. कापसातून सरकी वेगळी काढावी तसं, पण इथे एका अणूची निवड आणि वेळ अपुरा.

दुसऱ्या वाटेत जड केंद्रकच वेगाने पातळ लक्ष्यावर मारतात. त्याचे तुकडे तसेच पुढे धावत राहतात आणि धावतानाच चुंबकांनी त्यांची छाननी होते. जपानमधलं रिकेन, जर्मनीतलं जीएसआय आणि अमेरिकेत मिशिगनला २०२२ मध्ये सुरू झालेलं एफ्रिब ही त्या वाटेची ठिकाणं. मिलिसेकंदांत मोडणाऱ्या केंद्रकांसाठी हीच वाट चालते.

न आदळता आकार कसा कळतो? रेडियमच्या वांग्याची गोष्ट काय आहे?

रेडियम-२२४ चा प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आयसोल्डमध्ये रेडियम-२२४ आणि रेडॉन-२२० बनवून त्यांना प्रकाशाच्या सुमारे आठ टक्के वेग दिला, म्हणजे सेकंदाला २३ हजार किलोमीटरच्या आसपास. मग ती निकेल, कॅडमियम, कथील यांच्या पातळ पापुद्र्यांवर सोडली.

इथे वेग मुद्दाम जपून ठरवतात. दोन केंद्रकांचे पृष्ठभाग एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. आखाजीला झोक्यावर बसलेल्या मुलीला जाता जाता हलका हात लावला तरी झोका हलतो. इथे हातही लागत नाही. दोन्हीकडच्या धन विद्युतभारांचं ढकलणंच पुरतं, आणि केंद्रक फिरू लागतं. विद्युतबलाचे नियम आपल्याला नेमके माहीत आहेत, म्हणून किती केंद्रकं कोणत्या पायरीवर चढली हे मोजलं की त्यांचा भार कसा पसरला आहे ते गणिताने निघतं. केंद्रकं भिडली तर केंद्रकीय बलाचा गोंधळ मध्ये येतो आणि हिशेब बिघडतो.

चहूबाजूंनी जर्मेनियमचे डिटेक्टर होते, द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांच्या आसपास थंड केलेले. केंद्रक धावत असताना गॅमा सोडतं, म्हणून त्याची ऊर्जा दिशेप्रमाणे बदलते. भुसावळ स्टेशनात न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी येताना बारीक आणि जाताना घोगरी ऐकू येते, तसंच. केंद्रक कोणत्या दिशेला गेलं हे दुसऱ्या डिटेक्टरने टिपून ती ऊर्जा दुरुस्त करावी लागते. ती दुरुस्ती जमली नाही तर टेकडी पसरून पठार होतं आणि हाती काही लागत नाही.

निकाल असा आला की रेडियम-२२४ मध्ये वांग्यासारखा आकार कायमचा आहे. रेडॉन-२२० मध्ये मात्र तो कायमचा नाही. भरलेलं टोक कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, असं ते केंद्रक हेलकावत राहतं. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अर्गोन प्रयोगशाळेत बेरियम-१४४ चाही वांग्याकडे झुकणारा आकार याच पद्धतीने मोजला गेला.

हे रेडियम-२२४ आपल्याकडे कुठे असतं?

जुन्या गॅसबत्त्या आठवतात? लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेऊन चालायचे, तमाशाच्या कनातीत टांगायचे. त्यांच्या पांढऱ्या जाळीत थोरियम असायचं. थोरियम मोडत मोडत शिशापर्यंत जातं आणि त्या साखळीत रेडियम-२२४ येतं, अर्धायुष्य साडेतीन दिवसांच्या थोडं वर. त्यानंतर रेडॉन-२२०, तो मिनिटभरही टिकत नाही. म्हणजे आपल्या वरातींवर कितीतरी वर्षं वांग्याच्या आकाराची केंद्रकं उजेड पाडणाऱ्या जाळीत बसून होती. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

साखळीच्या शेवटी थॅलियम-२०८ पासून शिसं-२०८ तयार होतं आणि २६१५ केईव्हीचा गॅमा सोडतं. शिसं-२०८ दुहेरी मॅजिक, गोल. पण त्याची पहिली पायरी ही वांग्याच्या आकारातली थरथर आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात थोरियम केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या मानाने फारच थोडं आहे, तरी डिटेक्टर रात्रभर चालू ठेवला तर खान्देशातही ही रेषा दिसते.

जुनी जाळी घरात सापडली तर ती चुरगाळू नका, तिची राख हुंगू नका. पिशवीत बांधून बाजूला ठेवा. आता बिनथोरियमच्या जाळ्याही मिळतात.

एकाच केंद्रकाचे दोन-तीन आकार असू शकतात का?

हो, आणि हा माझा सगळ्यांत आवडता भाग. शिसं-१८६ मध्ये २००० साली तीन आकार एकत्र सापडले. तळाची अवस्था गोल. ५३२ आणि ६५० केईव्हीवर आणखी दोन अवस्था, एक चपटी आणि एक लांबट. प्रोटॉन तेच ८२, न्यूट्रॉन तेच १०४, नुसती बसण्याची रचना वेगळी. तिन्हींतलं अंतर केळ्यातल्या त्या १४६१ च्या निम्म्याहून कमी.

पाऱ्याची कथा याहून जुनी. १९७२ मध्ये आयसोल्डवर पाऱ्याच्या हलक्या समस्थानिकांचा (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमी) प्रकाश तपासला गेला. इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जवळून जातात, त्यामुळे केंद्रक फुगलं तर प्रकाशाचा रंग दहा लाखांत काही भागांइतका सरकतो. वस्तुमान एकेकाने कमी करत गेलं तर केंद्रक हळूहळू लहान व्हायला हवं. पण १८५ वर ते एकदम मोठं झालं, १८४ वर पुन्हा लहान, १८३ वर पुन्हा मोठं. विषम आकड्यांवर लांबट, सम आकड्यांवर जवळजवळ गोल. हा खेळ कुठे थांबतो हे कळायला २०१८ साल उजाडलं. लेसरने आणखी हलकी समस्थानिकं तपासली तेव्हा १८० पासून खाली सगळी पुन्हा गोलसर होतात असं दिसलं. एका न्यूट्रॉनने एवढ्या मोठ्या घराचा आकार बदलतो, हे मी कितीदा सांगितलं तरी मला जुनं वाटत नाही.

लिथियम-११ बद्दल ऐकलंय, ते काय?

तीन प्रोटॉन, आठ न्यूट्रॉन, आयुष्य सुमारे नऊ मिलिसेकंद. इसाओ तानिहाता आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये बर्कलीत त्याचं माप घेतलं तर ते शेजाऱ्यांच्या मानाने फारच मोठं निघालं. दोन न्यूट्रॉन मुख्य गाभ्यापासून लांब, धुक्यासारखे पसरलेले असतात. गाभा आणि ते दोघे असे तिघे मिळूनच टिकतात. कोणताही एक काढला की उरलेले दोघे एकमेकांना धरून राहू शकत नाहीत. तिपाईसारखं आहे ते.

फोटो काढता येतो का?

एका अर्थाने आता येतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या स्टार प्रयोगाने युरेनियम-२३८ ची केंद्रकं प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळून, फुटलेल्या कणांच्या पसाऱ्यावरून धडकेच्या क्षणीचा आकार काढला. टोकावर टोक आदळलं की पसारा वेगळा, आडवे आदळले की वेगळा. पण यात केंद्रक उरत नाही, आणि अल्पायुषी केंद्रकांसाठी ही वाट अजून लांब आहे.

याचा उपयोग काय?

मी खरं तेच सांगतो. यातून उद्या पंप स्वस्त होणार नाही. पण दोन गोष्टी मला मोठ्या वाटतात. सोनं, युरेनियम यांसारखी जड मूलद्रव्यं ताऱ्यांच्या स्फोटांत किंवा धडकांत ज्या वाटेने घडली, ती वाट याच अल्पायुषी केंद्रकांतून जाते. ती वाट समजायची तर ही केंद्रकं किती टिकतात हे हवं, आणि टिकणं आकाराशी बांधलेलं आहे.

दुसरी गोष्ट वांग्याची. विश्वात पदार्थ उरला आणि प्रतिपदार्थ जवळजवळ संपला, हे का घडलं याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. अणूत भाराचं एक अगदी बारीक एकांगीपण सापडलं तर त्याचा धागा हाती येईल. वांग्याच्या आकाराच्या केंद्रकात हे एकांगीपण शेकडो पटींनी वाढून दिसू शकतं, म्हणून रेडियमच्या समस्थानिकांवर असे शोध चालू आहेत.

भारतात हे काम कुठे चालतं? जळगावच्या मुलाला तिथे जाता येईल का?

मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन हे केंद्रकांना वेग देणारं यंत्र आहे, दिल्लीत आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात आहे, कोलकात्यात सायक्लोट्रॉन हे त्याच कामाचं दुसऱ्या प्रकारचं यंत्र आहे. इंगा नावाची जर्मेनियम डिटेक्टरांची भारतीय मांडणी या तीन ठिकाणी आळीपाळीने उभी राहते. दिल्लीचं केंद्र विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांसाठीच काढलेलं आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून एम.एस्सी. करून पीएच.डी.साठी या रस्त्याला लागता येतं.

तिथलं काम कसं असतं ते सांगतो. बीम, म्हणजे वेगवान केंद्रकांचा झोत, मिळतो तो आठवड्याचा, दिवसरात्र. माझी पहिली शिफ्ट रात्री बाराची होती. डिटेक्टरांना ठरावीक तासांनी द्रव नायट्रोजन पाजावं लागतं. पहाटे एका डिटेक्टरची नळी गोठून बंद झाली होती आणि ते माझ्या उशिरा लक्षात आलं. डिटेक्टर तापला, त्याचा विद्युतदाब उतरवावा लागला, आणि त्या प्रयोगात तो परत आला नाही. गाईडने एवढंच म्हटलं की आता दर तासाला हात लावून नळी पाहायची. तेव्हापासून मी प्रत्येक नळीला हात लावतो, नुसत्या पडद्यावर विसंबत नाही.

मराठी माध्यमातून शिकलो तर जमेल का?

जमेल. गॅमाची टेकडी कोणत्याच भाषेत नसते. इंग्रजीत लिहायला वर्ष-दोन वर्षं जड जाईल, ते जाऊ द्या. त्याआधी गणित पक्कं करा, आणि गोष्ट स्वतःच्या भाषेत घरी कोणाला तरी समजावून पाहा. आजीला समजली तर तुम्हाला समजली.

पोटॅशचा प्रयोग शाळेत दाखवायचा असेल तर काय लागेल?

जवळच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागाला सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर आणि मल्टिचॅनल अॅनालायझर (गॅमा ऊर्जेप्रमाणे वेगवेगळे मोजणारं यंत्र) आहे का ते विचारा. कृषी केंद्रातून दोन किलो म्युरिएट ऑफ पोटॅश आणा, पांढरं किंवा लाल, कोणतंही चालेल. ५० किलोच्या अख्ख्या गोणीत सेकंदाला सात-आठ लाख केंद्रकं बदलतात, पण दोन किलो पुरे. ते कोरड्या प्लास्टिकच्या डब्यात भरा, कारण खताला ओल लागली की ते पाणी सोडतं आणि डिटेक्टरला गंज चढतो. आधी डबा न ठेवता वीस मिनिटं मोजा, कारण भिंती आणि जमिनीतूनही थोडं १४६१ येतच असतं. मग डबा डिटेक्टरला टेकवून तितकाच वेळ मोजा. दुसऱ्यातून पहिलं वजा करा. सीझियम-१३७ चा छोटा स्रोत असेल तर त्याच्या ६६२ केईव्हीच्या रेषेवरून पट्टी आधी जुळवून घ्या, म्हणजे मुलांना आकडा स्वतः काढता येईल. नंतर ते पोटॅश घरी नेऊन नेहमीसारखं बागेला टाका. मोजल्याने त्यात काहीही बदललेलं नसतं.